बार्सेच्या वळणावरचा हिरवा लाव्हा

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातला हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी फुटला. त्याची राख तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून दुसऱ्या रात्रीपर्यंत गुजरात-राजस्थान-दिल्लीच्या आकाशात पोचली. विमाने रद्द झाली, टीव्हीवर लाल नकाशे फिरू लागले. त्याच आठवड्याच्या शेवटी आम्ही घरची मंडळी गोव्यातल्या फोंड्याहून काणकोणच्या पर्तगाळी मठाच्या साडेपाचशे वर्षांच्या उत्सवाला निघालो होतो. केप्याला मावशीकडे थांबायचे होते, म्हणून पारोड्यावरून गेलो. चंद्रनाथाचा डोंगर दिसताच मागच्या सीटवरून आठवीतला भाचा ओरडला, "मामा, तो बघ, सेम ज्वालामुखी!"

त्याची चूक नाही. भाताच्या शेतांमधून एकदम उठलेला, वर निमुळता होत गेलेला तो डोंगर चित्रातल्या ज्वालामुखीसारखाच दिसतो. माथ्यावर चंद्रेश्वर भूतनाथाचे देऊळ नसते तर धूर तेवढा काढायचा बाकी होता. मी लहान असताना शाळेतही कुणीतरी हेच सांगितले होते, आणि अजूनही कुणी ना कुणी ते मोबाइलवर पाठवत असतो.

चंद्रनाथ ज्वालामुखी नव्हे, कधी नव्हताच. गंमत पुढे आहे. केप्याहून बाळ्ळीला येऊन आम्ही हमरस्त्याला लागलो, बार्से मागे टाकून करमल घाटाकडे निघालो, आणि त्या पट्ट्यात आमची गाडी खरोखरच एका जुन्या ज्वालामुखीच्या अवशेषांतून गेली. तेव्हा भाच्याची मान मोबाइलमध्ये होती, ताई डुलक्या घेत होती आणि मी समोरच्या टिप्परला शिव्या घालत होतो.

आकारावर जाऊ नका

ज्वालामुखी म्हटले की त्रिकोणी डोंगर ही सवय आपल्याला फुजियामाच्या फोटोंनी लावली. तसा डोंगर तयार होतो, पण लाव्हा दाट आणि चिकट असला तर. भज्याचे घट्ट पीठ तव्यावर टाकले तर जागीच गोळा होऊन बसते, घावनाचे पातळ पीठ टाकले की क्षणात कडेपर्यंत पसरते. लाव्ह्याचेही तसेच. पातळ लाव्हा असा निमुळता डोंगर करत नाही, दूरवर पसरत जातो.

शिवाय डोंगर निमुळता व्हायला आगीची गरजच नसते. आजूबाजूचा मऊ दगड पावसाने नेला आणि मधला कठीण दगड उरला, की झाला सुळका. चंद्रनाथाचे तेच झाले. तो ज्या खडकाचा आहे तो ग्रॅनाइटच्या कुळातला. हातात घेऊन पाहिला तर पांढरे, काचेसारखे आणि काळे चमकदार असे कण डोळ्यांनी वेगळे दिसतात, आणि ते दाबाखाली पट्ट्यापट्ट्यांनी ओढले गेलेले आहेत. हा खडक खोल जमिनीत, अतिशय सावकाश थंड झाला.

सावकाश हे कशावरून? स्वयंपाकघरात बघा. साखरेचा पाक ताटात ओतून पटकन थंड केला तर गुळगुळीत, काचेसारखी वडी होते. तोच पाक दोरा सोडून दिवसेंदिवस तसाच ठेवला तर खडीसाखर होते, मोठमोठ्या खड्यांची. वितळलेल्या खडकाचेही असेच आहे. बाहेर उघड्यावर आला तर पटकन आळतो, कण इतके बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. पोटात अडकून राहिला तर कण मोठे होतात. जमिनीखाली असतो तोवर त्याला शिलारस म्हणायचे, बाहेर आला की लाव्हा. एवढे दोन शब्द ध्यानात राहिले तरी पुढचे सगळे कळेल.

एक नव्हे, दोन

गोव्यात ज्वालामुखीच्या खुणा आहेत, पण त्या दोन वेगवेगळ्या काळांतल्या, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक बार्सेचा, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. दुसरा दख्खनचा, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जेमतेम म्हणालो ते मुद्दाम. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. तिला पंचेचाळीस वर्षांची बाई मानले तर बार्सेचा लाव्हा ती वीस वर्षांची होण्याआधी वाहिला, आणि दख्खनचा गेल्या सात-आठ महिन्यांतला. लोक या दोघांची सर्रास गल्लत करतात, म्हणून आधी सांगितले.

बार्सेचा हिरवा दगड

गोव्याच्या जुन्या खडकांची उतरंड भूवैज्ञानिकांनी लावली तेव्हा तिला नाव दिले गोवा समूह, आणि त्यातल्या सगळ्यात खालच्या थराला नाव मिळाले बार्सेचे. केपे तालुक्यातला हाच तो गाव. या थरात मुख्यत्वे जुना, रूप बदललेला लाव्हा आहे. त्यावर सावर्ड्याच्या नावाचा थर, मग डिचोलीचा, मग वाघेरीचा. शाळेत युरोपातल्या गावांची नावे पाठ केलेल्या आम्हाला आपल्याच गावांच्या नावाचे खडक आहेत हे कुणी सांगितले नव्हते, असो.

परतीच्या वाटेवर आम्ही एका चहाच्या गाड्याजवळ थांबलो. (दगड बघायला म्हणून घाटाच्या वळणावर गाडी लावू नका. हमरस्त्यावरच्या ट्रकांना भूगर्भशास्त्र कळत नाही.) मागे डोंगर कापलेला होता. वर हातभर काळी-तांबडी माती, मग जांभ्याचा तांबूस थर, त्याखाली पिवळट, नखाने उकरता येईल असा भुसभुशीत भाग, आणि तळाशी, गटाराच्या काठाला, राखाडी-हिरवट दगड. भाच्याने त्यातला एक सुटा तुकडा उचलला. तळहाताएवढा, मानाने जड, एका बाजूने चपटा. अंगठा फिरवला तर साबणाच्या वडीसारखा किंचित गुळगुळीत लागला. मधून गारगोटीची दोरीएवढी पांढरी रेघ. पाण्याच्या बाटलीतले थोडे पाणी ओतले तेव्हा हिरवा रंग उठून आला, शेवाळलेल्या पायरीसारखा.

"लाव्हा काळा असतो ना? हा तर हिरवा आहे," भाचा म्हणाला. बरोबर शंका.

हा लाव्हा वाहिला तेव्हा काळाच असणार. नंतर तो कैक किलोमीटर खोल गाडला गेला, तापला, दाबला गेला, त्यात गरम पाणी मुरले. वितळला मात्र नाही. न वितळता, जागच्या जागी त्याचे खनिज बदलले. यालाच रूपांतर म्हणतात. आपल्याकडची चेपणीची तोरां आठवा. कोवळ्या कैऱ्या मिठाच्या पाण्यात घालायच्या, वर जड दगड ठेवायचा आणि महिनोन्‌महिने विसरून जायचे. बाहेर काढाल तेव्हा रंग बदललेला, साल सुरकुतलेली, अंग चपटे झालेले. पण कुणालाही दाखवा, ही कैरीच होती हे तो सांगेल. लाव्ह्यातली काळी खनिजे अशीच चेपणीत पडून क्लोराइट नावाच्या हिरव्या, पापुद्र्यांच्या खनिजात बदलली. साबणासारखा स्पर्श असल्याच पापुद्र्यांमुळे, आणि दगड चपटा फुटतो तोही त्यामुळेच.

कैरी होती हे कशावरून?

मुख्य पुरावा घडणीचा. दगडाची पूड करून त्यात सिलिका किती, लोह किती, मॅग्नेशियम किती हे मोजता येते. रंग बदलला, खनिजे बदलली तरी या घटकांचे एकूण प्रमाण फारसे हलत नाही, आणि ते आज वाहणाऱ्या लाव्ह्याशी जुळते. दुसरा पुरावा आकाराचा. लाव्हा समुद्राच्या पाण्यात शिरला की त्याच्यावर लगेच कातडी धरते, आतला रस ती फोडून पुढे येतो, पुन्हा कातडी धरते. असे करत उशांची रास पडावी तसे गोळे होतात. हवाईच्या किनाऱ्यावर पाणबुड्यांनी हे घडताना डोळ्यांनी पाहिले आहे, त्याचे चित्रणही आहे. अगदी तशाच दगडी उशा कर्नाटकात चित्रदुर्गाजवळ मर्डिहळ्ळीला आहेत, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपलेल्या. आणि गोवा समूह हा जुन्या खडकांच्या त्याच धारवाड कुळातला, चित्रदुर्गाच्या खडकांचाच घाटाखालचा चुलत भाऊ.

म्हणजे बार्सेला जो "ज्वालामुखी" आहे तो डोंगर नव्हे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, मग भूपट्टांच्या रेट्यात ओल्या धोतरासारखे पिळले, दुमडले, उभे झाले. मुख, शंकू, उतार यातले काही उरलेले नाही. वळणावळणाला जे दिसते ते त्याचे मांस. त्यामुळे "नेमका ज्वालामुखी कुठे?" या प्रश्नाला बोट दाखवून उत्तर देता येत नाही. पायाखाली, एवढेच.

वय मोजायला कोण बसला होता?

मावशीच्या यजमानांचा हा ठरलेला प्रश्न. ते निवृत्त मास्तर आहेत, पटल्याशिवाय चहाही घेत नाहीत. त्यांना मी लग्नातले घटिकापात्र सांगितले. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडली की ठरावीक वेगाने भरते. वाटी किती भरली ते पाहिले की सोडल्याला किती वेळ झाला ते कळते. सोडताना आपण तिथे असायची गरज नाही. खडकातली काही मूलद्रव्ये अशी ठरावीक वेगाने बदलत असतात. पोटॅशियमचा एक प्रकार असाच बदलत जातो, त्यातल्या काही भागाचा अरगॉन नावाचा वायू होतो, आणि एकूण निम्मा बदलायला त्याला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. खडक वितळलेला असतो तोवर वायू निसटून जातो. तो आळला की वायू आत कोंडतो, म्हणजे वाटी पाण्यावर सोडली. पोटॅशियम किती उरले, अरगॉन किती साठला, यावरून वय निघते.

"आणि वाटी मध्येच कुणी हलवली तर?" मास्तर म्हणाले. अचूक बोट ठेवले. खडक पुन्हा तापला तर कोंडलेला वायू निसटतो आणि वय कमी भरते. म्हणूनच चेपणीतून गेलेल्या जुन्या खडकांसाठी दुसरी, सहज न हलणारी घड्याळे वापरतात, आणि एका घड्याळावर कुणी विसंबत नाही.  

किनाऱ्यावरच्या काळ्या भिंती

आता दुसरा ज्वालामुखी. महाराष्ट्रातले वाचक याच्या अंगाखांद्यावरच राहतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून घावनाच्या पिठासारखा पातळ लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला. आजही या लाव्ह्याखाली सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन आहे. एकावर एक थर, मधला मऊ भाग झिजून पायऱ्या झालेल्या. स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरूनच त्याला ट्रॅप म्हणतात. भेगेतून असे फुटणे कसे असते हे माणसाने आइसलंडमध्ये पाहिले आहे. तिथे १७८३ साली लाकी नावाची सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने वाहत राहिली. त्यातून आलेल्या विषारी वायूंनी गुरे मेली, दुष्काळ पडला आणि त्या देशातली जवळजवळ पाचवा हिस्सा माणसे दगावली. दख्खनमध्ये ओतला गेलेला लाव्हा त्याच्या कैक हजार पट.

गोव्यात हे थर फक्त ईशान्य कोपऱ्यात, सत्तरीत सह्याद्रीच्या माथ्याकडे आहेत. दक्षिणेला येता येता ते पातळ होत संपतात. जुन्या गोव्यात मात्र दख्खनचा दगड माणसांनी आणला आहे. बाँ जेझूच्या बासिलिकेचे अंग जांभ्याचे, पण दर्शनी भागावरचे बारीक कोरीव काम ज्या काळ्या दगडात आहे तो वसईहून जहाजातून आला. जांभ्यात असले काम टिकत नाही.

पण मला सगळ्यात आवडतो तो किनाऱ्यावरचा पुरावा. शिलारस वर येताना ज्या भेगांतून आला त्यातल्या काहींत तो आळून बसला. त्याची दगडी भिंत झाली. याला डाइक म्हणतात. काणकोणच्या बाजूला एका खडपावर ओहोटीच्या वेळी मी अशीच एक भिंत पाहिली आहे. फिकट, पट्टेदार जुन्या खडकातून सरळ गेलेला काळा पट्टा, मला आडवे झोपता येईल एवढा रुंद, थेट समुद्रात शिरलेला. कडेला दगडाचे कण इतके बारीक की दिसत नव्हते, मधोमध मात्र तिळाएवढे. कारण ओळखीचे आहे. गरम वडी ताटात थापली की कडा आधी आळतात, मधला भाग मागाहून. भेगेच्या थंड भिंतींना टेकलेला शिलारस आधी गोठला, मधल्याला खडे धरायला फुरसत मिळाली.

गोव्याच्या अशा डाइकांची वये अरगॉनच्या घड्याळाने काढली आहेत. ती सुमारे ६ कोटी २८ लाख वर्षे भरली. म्हणजे दख्खनचा मुख्य उद्रेक उरकल्यावर, डायनासोर संपल्यानंतर तीसेक लाख वर्षांनी, इथल्या भेगांतून अजून शिलारस चढत होता. त्या काळ्या भिंती म्हणजे ज्वालामुखीची नळयोजना. घर पडून गेले, नळ तेवढे उभे आहेत.

घर पडले कसे?

पावसाने. उत्तर इतके साधे आहे की पटत नाही. समजा वर्षाला मिलिमीटरचा शंभरावा भाग एवढीच झीज झाली. नखाच्या जाडीचाही तो किरकोळ अंश. साडेसहा कोटी वर्षांत ती साडेसहाशे मीटर भरते. गुणाकार करून पाहा. डाइक जमिनीच्या आत आळतात. ते आज आपल्या पायाखाली उघडे असतील तर त्यांच्यावरचे सगळे वाहून गेले, हे उघडच आहे.

झीज म्हणजे नुसते घासणे नव्हे. पाऊस दगडात मुरतो, खनिजांतले विरघळणारे घटक घेऊन जातो, मागे चिकणमाती राहते. काळा दगड भेगांनी चौकोनी तुटलेला असतो, पाणी कोपऱ्यांना तीन बाजूंनी खाते, आणि ठोकळा गोल होत जातो. रस्त्याच्या कापलेल्या कडेला सोललेल्या कांद्यासारखे गोळे दिसले, पिवळट पापुद्रे आणि मधे काळा गड्डा, तर समजा की हा काळा दगड कुजतो आहे. आणखी पाऊस, आणखी ऊन, आणि शेवटी लोह व ॲल्युमिनियम तेवढे उरते. तोच जांभा. ज्या चिऱ्यांनी आपली घरे बांधली त्यांतले काही मुळात लाव्हाच होते, फक्त ओळख पुसून गेलेला.

परत फुटेल का?

नाही. ज्वालामुखीला खालून उष्णता लागते. दख्खनचा लाव्हा ज्या उष्ण जागेमुळे आला, असे मानतात, ती आज हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. भारताचा भूपट्ट उत्तरेला सरकला, चूल मागे राहिली. भारताच्या हद्दीत आज एकच जागृत ज्वालामुखी आहे, अंदमानातले बॅरन बेट.

मग राजापूरचे उन्हाळे, म्हणजे गरम पाण्याचे झरे? तिथले पाणी खोल भेगांत उतरते, जमिनीच्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि वर येते. खाणीत खोल गेलात तर तिथेही उकडते, त्यासाठी लाव्हा लागत नाही. लोणार? तो उल्कापाताचा खड्डा आहे. उल्का पडली ती मात्र याच काळ्या दगडावर.

विहिरीशी काय संबंध?

मास्तरांचा शेवटचा प्रश्न, आणि खरे तर यासाठीच त्यांनी मला एवढे बोलू दिले. त्यांच्या बागायतीत दोन विहिरी. वरची वैशाखातही भरलेली, खालची मार्चलाच तळ दाखवते. असे का, हे मी न खणता सांगू शकत नाही. पण घट्ट डाइक जमिनीखालून आडवा गेला असेल तर तो बांधासारखा पाणी अडवतो: वरच्या अंगाला साठा, खालच्या अंगाला कोरड. डाइक भेगाळलेला असला तर उलट तोच पाण्याची वाट होतो. पाणी बघायला पायाळू माणूस आणण्याआधी बागायतीच्या कडेने काळ्या दगडाची रेघ शोधा, एवढे मी त्यांना सांगून आलो.

खाणींचा संबंध तर याहून थेट. डिचोलीच्या नावाच्या थरात लोहखनिजाचे पट्टे आहेत. डिचोली, सत्तरी, सांग्याच्या खाणी त्यावरच चालल्या. हे लोह मुळात समुद्राच्या पाण्यात विरघळलेले होते, आणि त्यातला बराचसा भाग समुद्रतळाच्या ज्वालामुखी भेगांतून निघणाऱ्या उकळत्या पाण्याने आणून घातला. सूक्ष्म जिवांनी प्राणवायू सोडला तसे ते गंजून तळाशी बसत गेले. त्यानंतर पावसाने सिलिका धुऊन नेली आणि लोहाचा अंश वाढला. आमच्या फोंड्यात ज्यांच्या दारात कधीकाळी ट्रक उभा होता, त्या घरांचे हप्ते या गंजावरच फिटले.

भाच्याने तो हिरवा तुकडा रुमालात गुंडाळून घरी आणला. शाळेत नेऊन दाखवला, त्यावर नंबराची चिठ्ठी चिकटवली, मग परीक्षा आली आणि तो विसरला. चैत्रात आईला तोरांवर ठेवायला जड, चपटा, न विरघळणारा दगड हवा होता. तिने चिठ्ठी खरवडून काढली, दगड घासून धुतला आणि बरणीत सोडला. बरणी माळ्यावर आहे. पावसाळ्यात उघडू.